हिरव्या गाडीची किल्ली

आमच्या घरात सकाळ व्हायची ती कानशीच्या आवाजाने. देवळातली घंटा, अजान, दूधवाल्याची सायकल हे सगळं नंतर. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात आमचं घर आणि दुकान एकच. पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्या घर, आणि मध्ये तरटाचा पडदा. नाना, म्हणजे माझे वडील, चहाच्याही आधी दुकानात जाऊन बसायचे आणि आदल्या दिवशीची अर्धवट किल्ली लोखंडी पकडीत धरून घासायला लागायचे. खर्र, खर्र, मग एक फुंकर, मग थोडा वेळ काहीच नाही, म्हणजे नाना अंगठ्याने दाते चाचपतायत. पडद्याच्या अलीकडे आई चुलीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायची. तिची थाप आणि नानांची कानस एकाच लयीत चाललेली असली की घरात सगळं ठीक आहे असं मी गोधडीतच समजायची. त्यातलं एक थांबलं की माझा जीव टांगणीला. मी मुळातच घाबरट. दारात पोस्टमन दिसला तरी मी पडद्याआड पळायची, आणि आई म्हणायची, हिला सासर कसलं मिळणार, ही तर नवऱ्याच्या खोकल्यालाही घाबरेल.

घरात आम्ही किल्ली म्हणायचो, दुकानात चाबी. गावाला नाना 'चाबीवाले नाना' म्हणूनच माहीत. किल्ली हरवली, कपाट अडलं, तिजोरी रुसली की माणूस शनवाऱ्याकडून असो की राजघाटाकडून, आमच्याच ओट्यावर यायचा. नानांचा एक नेम होता. कुलूप ज्याचं आहे तो माणूस समोर बसल्याशिवाय ते कानशीला हात लावायचे नाहीत. नोकराला पाठवलं, साबणाच्या वडीवर ठसा घेऊन पाठवला, तर हात जोडून परत. लोक हसायचे, पण विश्वासही त्यामुळेच ठेवायचे. किल्ली बनवणाऱ्याच्या हातात गावाची घरं असतात, त्याच्याबद्दल एकदा वाकडा शब्द निघाला तर त्याने दुकानाला कुलूप लावावं आणि किल्ली तापीत टाकावी, असं नाना म्हणायचे.

नानांना दिसत नाही हे मला कळलं ते एका दुपारी, मी डबा घेऊन दुकानात गेले तेव्हा. अगदीच आंधळे झाले नव्हते. माणसाचा आकार कळायचा, उजेड कळायचा. पण नुसत्या कुलपावरून किल्ली बनवायची तर कोरी किल्ली चिमणीच्या ज्योतीवर धरून काळी करतात, कुलपात घालून हलकेच फिरवतात आणि बाहेर काढून बघतात. आत जिथे घासलं जातं तिथे काजळी पुसून टाचणीच्या टोकाएवढी चमक येते. तिथेच कानस लावायची. पुन्हा काजळी, पुन्हा चमक, असं वीसपंचवीस वेळा. आता टाचणीच्या टोकाएवढी चमक पाहायला डोळे लागतात. त्या दुपारी नाना किल्ली नाकाला लावून दाराकडे धरून बसले होते, गिऱ्हाईक समोर पेंगत होतं. मी डबा ठेवला तसं नाना हळूच म्हणाले, "शोभे, चमक कुठे पडू राहिली बघ बरं." मी बघितलं, आणि बोलायच्या ऐवजी, का कोण जाणे, त्यांचा अंगठा धरून नेमका त्या जागेवर टेकवला. नानांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेला पाहिलं. तिथून आमचं सुरू झालं.

दोन वर्षं चाललं ते. मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा सुरू झालं, म्हणजे माझं पहिलं आणि दुसरं वर्ष त्या ओट्यावरच गेलं म्हणा. सकाळचा तास बुडवायचा, नानांच्या उजव्या हाताला स्टुलावर बसायचं, मांडीवर कॉलेजचं पुस्तक उघडं ठेवायचं. लोकांना वाटायचं, पोरगी अभ्यास करते, बापाला पाणीबिणी देते. मी चमक बघायची आणि नानांच्या अंगठ्यावर नखाने दाबायची. एकदा म्हणजे टोकाकडे, दोनदा म्हणजे मुळाकडे. नानांनी शिस्त लावली होती कडक. विचारलं तेवढंच सांगायचं, वर एक अक्षर नाही. तू बघायचं, विचार मी करायचा, म्हणायचे. सुरुवातीला मी भीतीने फार बडबडायची, कुलूप गंजलंय नाना, स्प्रिंग ढिली वाटते नाना, आणि गिऱ्हाईक कान टवकारायचं. मग नानांनी एकदा मांडीला असा चिमटा काढला की माझी जीभ कायमची आत गेली.

तुम्ही म्हणाल, मोतीबिंदूच होता ना, काढून टाकायचा. परवा माझाही काढला. सकाळी दहाला गेले, दुपारच्या चहाला घरी. तेव्हा तसं नव्हतं. आठवडाभर दवाखान्यात उताणं पडायचं, डोळ्यावर हिरवी पट्टी, महिना दीड महिना कानस हातात धरायची नाही, आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. नानांना दवाखान्याची भीती नव्हती. त्यांना भीती होती त्या हिरव्या पट्टीची. ती दिसली की गाव विचारणार, म्हणजे इतके दिवस आमच्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या तुम्ही न बघताच केल्या की काय? आईला सगळं माहीत होतं. ती ताटात मीठ डाव्या हाताला, मिरचीचा खुडा उजव्या हाताला असं ठरलेल्या जागी वाढायची, आणि आपल्याला काही माहीत नाही असं दाखवायची. एका घरात तीन माणसं, तिघांनाही ठाऊक, आणि तिघंही गप्प. मला रात्रंदिवस एकच धास्ती. आज कळणार, आज कुणाला तरी कळणार.

अशात स्टेशनाकडच्या लालबागहून बोलावणं आलं. तिथे कापसाचे एक मोठे व्यापारी होते, सगळे त्यांना काकासाहेब म्हणायचे. ते पंधरा दिवसांपूर्वी वारले होते. त्यांच्याकडे एक जुनी परदेशी गाडी होती, दोन माणसांची, टपाशिवायची, शर्यतीत पळवतात तसली. कुण्या संस्थानिकाकडून त्यांनी तरुणपणी घेतली होती. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि आपल्या वाढदिवसाला, ते ती हिरवीगार गाडी स्वतः चालवत शनवाऱ्यापर्यंत आणायचे आणि परत न्यायचे. आम्ही पोरं मागे धावायचो. तिची किल्ली एकच. ती ते कुणालाही द्यायचे नाहीत, कायम कोटाच्या आतल्या खिशात. आणि काकासाहेब गेले तेव्हा त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे अंगावरचे कपडे आणि अंथरूण राजघाटावर नेऊन तापीत सोडलं. कोटही सोडला. गेलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचा नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत, म्हणून कुणी खिसा चाचपलाच नाही. कोट त्यांच्या पुतण्याने, विनायकरावांनी, आपल्या हाताने प्रवाहात ढकलला होता. गाडीची आठवण त्यांना तेराव्यानंतर झाली. इंदूरचा कुणी जुन्या गाड्यांचा शौकीन ती विकत घ्यायला तयार होता, पण चालू करून दाखवा म्हणाला होता. किल्ली तर तोवर भुसावळच्याही पुढे गेली असेल.

मी म्हटलं, नाना, नाही म्हणा. आपल्या ओट्यावर आपलं राज्य असतं, तिथे परक्याच्या घरी दहा डोळे बघणार. नाना म्हणाले, नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. आई भाकरी उलटता उलटता म्हणाली, झाकली मूठ झाकलीच ठेवायची तर जावंच लागेल. झालं. मी नव्या चिमणीत वात घातली, काच पुसली, आणि टांग्यात नानांच्या शेजारी बसले. लालबागपर्यंत सगळा रस्ता मी मनात उजळणी करत होते, एकदा टोकाकडे, दोनदा मुळाकडे, जशी काही परीक्षाच आहे.

गाडी मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. वरची चादर काढली तेव्हा मला आधी वाटलं, ही एवढीच? रस्त्यावर केवढी वाटायची. जमिनीला टेकलेली, बसक्या पाटासारखी, दार माझ्या गुडघ्याएवढं. आत कातडी खुर्च्या, लाकडाची पट्टी, त्यावर घड्याळासारख्या गोल तबकड्या, आणि मधोमध किल्लीचं इवलंसं भोक. काकूसाहेब, म्हणजे काकासाहेबांच्या पत्नी, वेताच्या खुर्चीत येऊन बसल्या. नानांचा नेम त्यांना ठाऊक होता. त्या नुसत्या गाडीकडे बघत राहिल्या. विनायकराव मात्र गाडीभोवती फेऱ्या मारत होते. परवा तो माणूस येऊ राहिला, परवाच्या आत झालं पाहिजे, असं त्यांनी चारदा सांगितलं.

नाना गाडीत बसले, मी वाकून चिमणी धरली. त्यांनी हळू आवाजात विचारलं, फट केवढी? मी सांगितलं. सरळ की वाकडी? आत कंगोरे किती दिसतात, उजव्या अंगाला की डाव्या? सगळं सांगितलं. भोकाभोवतीची पितळी चकती काळी पडली होती, ती मी ओढणीच्या टोकाने पुसली, तेव्हा तिच्यावर दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे कोरलेले दिसले. नळाच्या तोटीवर कारखान्याचं नाव असतं तसं काहीतरी असेल, असं मला वाटलं. नानांनी त्याबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तसल्या किल्लीचा कोरा तुकडा बुऱ्हाणपुरात कुठला मिळायला? नानांनी घरी पितळेच्या पट्टीतून तो कापला. ते काम त्यांनी एकट्याने केलं, मला जवळही येऊ दिलं नाही. त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कानस चालली. अंगठ्याने, जिभेच्या टोकानेसुद्धा त्यांनी पट्टीवरची लांब खाच तपासली, आणि पट्टी अशी झाली की दुसऱ्या दिवशी गाडीच्या कुलपात अलगद गेली. विनायकराव "वा" म्हणाले. नानांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं, निभावलं बहुतेक. मी मनातल्या मनात गणपतीला मोदक बोलूनही टाकले.

मग काजळीचं काम सुरू झालं. शेडमध्ये उकाडा, चिमणीचा धूर, घामाने माझा हात निसटत होता. काळी करायची, घालायची, फिरवायची, काढायची. मी नानांच्या अंगठ्याला नख लावायची, नाना घासायचे. पाच वेळा झालं, दहा वेळा झालं. विनायकराव आता अगदी माझ्या खांद्यामागे येऊन उभे होते. त्यांचा श्वास मानेला लागत होता. मध्येच ते म्हणाले, मुलगी काय दाखवते मधून मधून? नाना म्हणाले, उजेड धरते. मी चिमणी उगाच उंच धरली. पुढची चमक मी नीट बघितलीच नाही. टोकाकडे होती, मी दोनदा दाबलं. नानांनी मुळाशी घासलं. तिथे पट्टी आधीच बारीक झालेली, माझ्या हे लक्षात आलं तोवर त्यांनी ती कुलपात घालून फिरवली होती. फार लहान आवाज झाला. नानांच्या हातात किल्लीचं डोकं राहिलं आणि बाकीची आत.

कुणी बोलायच्या आतच बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. इंदूरचे गृहस्थ एक दिवस आधीच आले होते. पांढरी पँट, गळ्यात भिंग, बोलणं गोड. त्यांनी काकूसाहेबांना नमस्कार केला, गाडीभोवती एक फेरी मारली, पाळण्यातलं मूल बघावं तसे वाकून वाकून बघत होते. मग आत डोकावले, खिशातून रुमाल काढून कुलपाची चकती पुसली आणि भिंग लावलं. "अरे भाईसाहब, नंबर तो यहीं लिखा है," ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. ह्या जुन्या गाड्यांच्या कुलपावरच किल्लीचा नंबर कोरलेला असतो. मुंबईला जुन्या सुट्या भागांचे व्यापारी आहेत, त्यांना नुसतं पत्र टाकून हा नंबर कळवला की ते तशी किल्ली कापून टपालाने पाठवतात. त्यांच्या स्वतःच्या दोन गाड्यांच्या किल्ल्या अशाच आल्या होत्या. कुलपाला हात लावायची गरजच नव्हती.

आजकाल नातू मोबाईलवर बोट फिरवून चपला मागवतो तसंच ते होतं म्हणायचं, फक्त आठ आण्यांचं पाकीट लागलं असतं. तो नंबर मी दोन दिवस बघत होते, मला तो पाठ झाला होता.

विनायकराव नानांकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी, म्हणून जास्त लागलं. "नाना, तुमची उमर गेली कुलपं बघण्यात. एवढा मोठा नंबर तुम्हाला दिसला नाही, हे मी मानू?" विनायकरावांनी चकतीवर बोट ठेवलं. "नंबर सांगितला असता तर तुमचं काम गेलं असतं, म्हणून लपवला. सीधी बात आहे. आणि आता कुलूपही बिघडवून ठेवलं." शेडच्या दाराशी त्यांचा ड्रायव्हर होता, माळी होता, आतली बाई चहाचा ट्रे घेऊन थबकली होती. सगळे नानांकडे बघत होते. मला माहीत होतं, संध्याकाळपर्यंत हा शब्द इतवाऱ्यात पोचणार. चाबीवाले नाना लबाड निघाले. नाना मान खाली घालून बसले होते. बोटं किल्लीच्या त्या डोक्यावरून फिरत होती, आणि मला दिसत होतं की ते काहीही बोलणार नाहीत. लबाड म्हणवून घेतील पण ते दुसरं सांगणार नाहीत.

मी जन्मात कुणासमोर आवाज काढला नव्हता. कॉलेजात हजेरीला 'यस सर' म्हणतानाही मी वहीआड तोंड लपवायची. पण त्या क्षणी तोंड आपोआप उघडलं.

"त्यांना दिसत नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. मी बघते आणि ते घासतात. नंबर मी बघितला होता. त्यांना दिसलाच नाही."

विनायकरावांनी नानांच्या तोंडासमोर हात हलवून बघितला, खरंच बघितला, आणि शेडच्या अंधारात नानांची पापणीही लवली नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बापाला सगळ्यांसमोर उघडं केलं होतं मी. काकूसाहेब उठल्या. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलल्या. त्या म्हणाल्या, "विनायक, किल्ली नदीत आपण सोडली. ह्यांनी नाही." मग बाईला म्हणाल्या, नानांना आधी चहा दे.

नानांनी चहा घेतला नाही. त्यांनी पिशवीतून एक वाकवलेली सुई काढली, मला चिमणी विझवायला सांगितली, आणि त्या कुलपात अडकलेला तुकडा काढायला बसले. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून डोळेही उघडे ठेवले नाहीत. मिटून घेतले. इंदूरचे गृहस्थ गुडघ्यावर बसून बघत होते. दहाएक मिनिटं गेली असतील. मग तो पितळेचा तुकडा जसाच्या तसा बाहेर आला, कुलपाला ओरखडासुद्धा नाही. नानांनी तो काकूसाहेबांच्या समोर धरला, म्हणजे त्यांना वाटलं त्या तिथे आहेत. त्या खरं तर हातभर डावीकडे होत्या. काकूसाहेब पटकन सरकून त्या हातासमोर आल्या आणि तुकडा घेतला. ते कुणाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, पण मी पाहिलं, आणि त्या बाईचे उपकार मी विसरले नाही.

परतताना टांग्यात नानांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. शनवारा जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "नंबर होता ना गं तिथे?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही, नाना."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. चिडतील, निदान चिमटा तरी काढतील. त्यांनी टांगेवाल्याला सांगितलं, घोडा जरा हळू घे. घर लवकर यायला नको होतं त्यांना.

चार दिवस दुकान बंद होतं. आई भाकरी थापायची आणि पलीकडून कानस नाही, त्यामुळे ती थाप फार मोठी ऐकू यायची. नाना माझ्याशी बोलत नव्हते. ताटावर बसले की मीठ कुठे हे विचारायचे, तेही आईला. गावात व्हायचं तेच झालं. एकजण आपल्या तिजोरीची किल्ली बरोबर चालते की नाही ते सांगायला आला, खरं म्हणजे नाना कसे दिसतात ते बघायला. शेजारचा बांगडीवाला आईला म्हणाला, हमको तो पहले से शक था, वहिनी. मी पडद्यामागे बसून ऐकायची आणि वाटायचं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. लबाड म्हणाले असते तर म्हणाले असते. पण लगेच दुसरं मन म्हणायचं, नाही, लबाड नाही म्हणू देणार. दोन्ही मनं खरी होती, त्यामुळे झोप कसली येते.

पाचव्या दिवशी आईच बोलली. तिने नानांच्या समोर धुतलेलं धोतर आणून ठेवलं. मिशनच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलंय, म्हणाली, उठा. नाना म्हणाले, गाव काय म्हणेल? आई म्हणाली, "गाव काय म्हणायचं ते म्हणून बसलं. आता लपवायला उरलंय काय? पोरीने काम सोपं केलं तुमचं." नाना खूप वेळ त्या धोतरावर हात फिरवत बसले. मग उठले.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया, मध्ये अंतर ठेवून, त्यात पावसाळा गेला. लालबागची किल्ली मुंबईहून टपालाने आली, गाडी ट्रकवर चढून इंदूरला गेली, हे आम्हाला वरवर कळलं, कारण घरात दुसरंच चाललं होतं. डोळ्यांत थेंब, वाफेवर शिजवलेलं जेवण, वाकायचं नाही, शिंकायचं नाही. नाना शिंकले तर काय, ह्या काळजीने मी घरात मिरची फोडणीला टाकू द्यायची नाही. पट्टी सुटली, चष्मा आला. चष्म्यातून त्यांचे डोळे म्हशीच्या डोळ्यांएवढे दिसायचे. आईकडे पाहून ते म्हणाले, अगं, तू म्हातारी कधी झालीस? आई लाजली. किती वर्षांनी लाजली असेल.

आणि मग एका सकाळी मला कानशीचा आवाज ऐकू आला. मी गोधडी फेकून उठले. भराभरा तोंड धुतलं, वेणी घातली, पुस्तक घेतलं आणि पडदा बाजूला करून ओट्यावर आले. माझ्या स्टुलावर जुन्या कुलपांचं खोकं ठेवलेलं होतं. नाना किल्ली उजेडात धरून बघत होते, स्वतःच बघत होते, आणि हसत होते. मला पाहून ते म्हणाले, "ये बाई. आता तुझी सुटका. दोन वर्षं तुला गुंतवून ठेवलं मी इथे, तुझ्या कॉलेजचं नुकसान केलं. आता माझी काळजी नको. तू तुझं शिक."

किती मायेने म्हणाले ते. त्यात कुठेही राग नव्हता, लालबागचा तर नावालाही नाही. माफ केलं होतं त्यांनी मला, म्हणून ते इतकं गोड बोलत होते. आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नाना, मला सुटका नको. मला ती दोन वर्षं ओझं नव्हती. पडद्याआडून नुसत्या आवाजावर मला पितळ कुठलं आणि लोखंड कुठलं हे कळतं. चमक कशी पडणार हे मला आता काजळी लावायच्या आधीच कळतं. ते स्टूल मला द्या, दुसरी कानस द्या, मला हे शिकायचंय. मी दोन वर्षं भीतीने मरत होते की लोकांना कळेल. तुम्हाला दिसायला लागेल आणि मग माझं काय, ही भीती मला कधी शिवलीसुद्धा नव्हती.

लालबागला दहा परक्या माणसांसमोर माझं तोंड उघडलं होतं. इथे सख्ख्या बापासमोर, ज्याने मला नुकतंच माफ केलं होतं, ते उघडेना. पोरीने किल्ल्या घासायच्या, हे इतवाऱ्यात तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं, हे खरं. पण ते कारण मी नंतर शोधलं. त्या वेळी मी नुसती घाबरले. म्हटलं, "बरं, नाना."

पुढे मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. चांगलं शिकवलं, असं मुलं म्हणतात. नाना त्यानंतर अकरा वर्षं ओट्यावर बसले, आणि ते गेल्यावर दुकान विकलं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे.

त्या सकाळी आईने शेजाऱ्याकडून मावा जिलबी मागवली होती. मी चुलीपाशी बसून रडत होते. आईने पदराने आधी माझे डोळे पुसले, मग तिचे, आणि म्हणाली, रड बाई, आनंदाचं रडणं अडवू नये. मी जिलबी खाल्ली, हात धुतले आणि कॉलेजला गेले.